भलत्या वेळची घंटा

आमच्या गावात कुणी उगाच घाई केली की अजूनही म्हणतात, "काय, बाईची घंटा झाली काय?" नव्या पोरांना कोण बाई आणि कुठली घंटा हे माहीत नसतं, तरी म्हणतात. जुन्या माणसांना माहीत असतं, पण ते चुकीचं असतं. खरं काय झालं ते दोघांनाच माहीत आहे, सोनकांबळे बाईंना आणि मला. बाई स्वतःहून बोलणाऱ्यांतल्या नाहीत. मी बोलायला पाहिजे होतं, ते ओठावर आलं आणि वर्षानुवर्षं पाण्यासोबत गिळलं. आता डॉक्टरनं झोपेची गोळी लिहून दिली आहे. गोळी घेण्याआधी एकदा हे लिहून बघतो. लिहून झोप लागली तर गोळीचे पैसे तरी वाचतील.

त्या साली आमच्याकडं दोन नव्या गोष्टी झाल्या. लातूर जिल्हा झाला आणि पाणी टँकरनं यायला लागलं. गावचे सरपंच म्हणजे माझे थोरले चुलते, तात्या. ते दोन्हींचं श्रेय स्वतःकडं घ्यायचे. दुष्काळाचं श्रेय मात्र ते देवाला देऊन टाकायचे. आमचं गाव मुरुडच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत. विहिरी आटल्या होत्या आणि गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या एका मोठ्या विहिरीत टँकर रिकामा करायचा, मग ज्यानं त्यानं आपल्या दोरानं शेंदून घ्यायचं अशी पद्धत होती. शेंदण्याचाही क्रम ठरलेला. आधी आमची आळी, मग बाकीची, आणि सगळ्यांचं झाल्यावर तात्या हात वर करून "आता घ्या" म्हणायचे, तेव्हा बौद्धवस्तीतल्या बायका पुढं व्हायच्या. तोवर विहिरीत उरायचा तो गाळ. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. म्हणून तो मोडायचा तरी कुठून, हेही कुणाला कळत नव्हतं.

घरात दादा, माय, मी, धाकटी सुमन आणि उरलेला एक बैल. दुसरा बैल छावणीला गेला होता आणि दादा त्याच्या आठवणीनं पहिल्यालाच दोघांच्या नावानं हाका मारायचे. त्या दिवसांतलं जेवण म्हणजे सकाळी हुलग्याचं माडगं, रात्री भाकरी आणि येसरची आमटी. येसर म्हणजे धान्य-मसाला भाजून दळलेलं पीठ, मायनं सुगीच्या दिवसांत करून ठेवलेलं, ते पुरवून पुरवून वापरायचं. त्यामुळं आमटी दर आठवड्याला आणखी पातळ होत गेली. दादा ताटात बघून म्हणायचे, "आज टँकर आपल्याच घरात रिकामा केला काय?" माय म्हणायची, "खाली जाऊन बगा, बुडाला दाळ सापडंल." सुमन खरंच बोट घालून शोधायची.

माय सकाळी हातात विळा घेऊन "शेताकडं जाऊन येते" म्हणून बाहेर पडायची. शेतात विळ्याला लागेल असं एक पातंही नव्हतं. तरी आमच्या आळीतल्या कितीतरी बाया त्या साली विळे घेऊन शेताकडं जायच्या आणि ओढा ओलांडला की वळून मुरुड रस्त्याला खडी फोडायला बसायच्या, पदर हनुवटीपर्यंत ओढून. सरकारी कामावर हजेरी लावायची तर वस्तीतल्या बायांच्या शेजारी बसावं लागायचं आणि तात्यांच्या घरची सून तिथं दिसली असती तर तात्यांचा फेटा खाली आला असता. दादांना माहीत होतं. ते माहीत नसल्यासारखं करायचे. दुपारी भाकरी घेऊन मी जायचो. एकदा मुकादमानं मला विचारलं, "ही बाई कोण रं तुझी?" मी म्हणालो, "मावशी."

मायनं हातोडा थांबवला नाही. संध्याकाळी मात्र ताट वाढताना म्हणाली, "घे रे भाच्या, मावशीच्या हातची भाकर ग्वाड लागती का बग." दादांनी मान वर करून विचारलं, "कोण भाचा?" माय म्हणाली, "आलाय एक. खादाड हाय." त्या रात्रीनंतर मी घरात भाचाच झालो. ती हसून म्हणायची, म्हणून तर जास्त लागायचं.

शाळा माळावर, उंचावर होती. व्हरांड्यात जुन्या छोट्या रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला, त्यावर लोखंडी दांड्यानं टोले द्यायचे. शिपाई खय्यूमभाई. शाळेचे टोले तो एकेक करून द्यायचा. पण त्या साली त्याच्याकडं एक जास्तीचं काम आलं. माळावरून मुरुडचा रस्ता लांबपर्यंत दिसायचा. टँकरचा धुरळा दिसला की खय्यूमभाई रुळावर घणघण घणघण अशी न थांबता वाजवायचा आणि खाली गावात जो जिथं असेल तिथून घागर घेऊन धावायचा. लग्नात अक्षता पडत असतानाही माणसं उठलेली मी बघितली आहेत. नवरदेवाचा बापही गेला होता.

सोनकांबळे बाई आल्या त्याच साली. किनवटकडच्या, जंगलातल्या गावच्या. एस.टी.च्या टपावरून त्यांची पत्र्याची पेटी उतरवताना खय्यूमभाई वाकला आणि म्हणाला, "बाई, पत्थर भरके लाये क्या?" बाई म्हणाल्या, "पुस्तकं हायेत." खय्यूमभाई कण्हत म्हणाला, "उससे तो पत्थर हलके." बाईंच्या बोलण्याची आम्हाला गंमत वाटायची. आम्ही 'काय करूलालास' म्हणणार, त्या 'काय करून राहिला' म्हणणार. आम्ही 'व्हय', त्या 'हाव'. पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव 'हावबाई' ठेवलं. ते त्यांना कळलं आणि आवडलंही.

शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं. त्यातली मुलं सुट्टीत मामाच्या गावाला समुद्रावर जायची, आंब्याच्या राशीत लोळायची आणि पाऊस आला म्हणून खिडकीत बसून भजी खायची. आमच्याकडं पाऊसच नव्हता, खिडक्याही जेमतेम होत्या. बाईंनी ते कपाट एकदा उघडून बघितलं आणि पुन्हा लावलं. वर्गात म्हणाल्या, "मी आश्रमशाळेत शिकले. तिथंबी असलंच कपाट होतं. माझ्यासारखी पोरगी त्यातल्या पुस्तकात फक्त मोलकरीण असायची. अन् तीबी दुसऱ्या पानावर मरायची. खरं सांगून राहिले." आम्ही हसलो. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "मी नववीत होते तेव्हा एक पुस्तक सापडलं. त्यातल्या पोरीच्या घरी मोहाची फुलं वाळत घातली होती. माझ्या घरी घालायचे तशी. मी पुस्तक बंद केलं अन् पळत सुटले. कुठं पळत होते ते मलाच माहीत न्हवतं."

बाईंची पद्धत वेगळी होती. वाचा असं त्या कुणाला म्हणायच्या नाहीत. आठवडेच्या आठवडे नुसतं बघायच्या, कोण कसा बसतो, कोण डब्यात काय आणतो, कोण कुणाशी बोलत नाही. आणि मग एक दिवस पेटीतून एखादं पुस्तक काढून त्या पोराच्या हातात द्यायच्या, "घे. ह्यात तुझ्यासारखाच एक येडा हाय." पुस्तक बरोबर लागलं तर पोराचा चेहराच सांगायचा. मग बाई काय करायच्या, तर व्हरांड्यात जाऊन त्या रुळावर नखानं एकदा टिचकी मारायच्या. टिंग. इतका बारीक आवाज की जवळ असेल त्यालाच ऐकू यावा. आणि मग तोंडावर पदर धरून लहान पोरीसारख्या हसायच्या. आम्ही एकमेकांना विचारायचो, "तुझं टिंग झालं का?" मॅट्रिकच्या निकालासारखं.

शिवा धनगराला मेंढरांचं पुस्तक दिलं तर त्यानं ते दोन दिवसांत परत आणलं, समासात शिसपेन्सिलीनं जागोजागी 'खोटं हाय' असं लिहून. "बाई, ह्या माणसानं मेंढरं कधी राखली न्हाईत. मेंढरू असं दूध देत नसतंय." बाईंनी सगळ्या शेऱ्यांसकट ते पुस्तक वाचलं, आणि गेल्या टिंग करायला. वस्तीतली छाया मागच्या बाकावर भिंतीला चिकटून बसायची. तिला दिलेल्या पुस्तकातल्या मुलीच्या घरी भिंतीवर तीच तसबीर होती जी छायाच्या घरी होती, तिची आईही छायाच्या आईसारखी रोज सकाळी आधी ती तसबीर पुसायची आणि मग चूल पेटवायची. दुसऱ्या दिवशी छाया येऊन सरळ पहिल्या बाकावर बसली. तिथं तात्यांची मुलगी बसायची. तिला छाया म्हणाली, "सरक की जरा." बाईंनी त्या दिवशी दोनदा टिंग केलं.

माझं काही होईना. मी वर्गात सगळ्यांत थोराड, सातवीत दोनदा बसलेला, ओठावर मिसरूड. बाईंनी मला शेतकऱ्याच्या पोराचं पुस्तक दिलं, पैलवानाचं दिलं, बैलाचंसुद्धा दिलं. मी न वाचता परत करायचो आणि म्हणायचो, "चांगलं होतं." बाई विचारायच्या, "शेवटी कोण मेलं?" मी अंदाजानं सांगायचो, "म्हातारा." बाई म्हणायच्या, "त्यात कुणीच मरत न्हाई रे बालाजी." पण रागवायच्या नाहीत. डोळे बारीक करून बघायच्या, कुलपाला किल्ली बसत नाही म्हटल्यावर बघतात तसं.

मग एकदा त्या नांदेडला जाऊन आल्या आणि रद्दीच्या दुकानातून एक पुस्तक घेऊन आल्या. वरचं कव्हर नव्हतं, पहिली पानं नव्हती, त्यामुळं नाव नाही आणि लिहिणाराही नाही. बाई म्हणाल्या, "ह्याला तोंडच न्हाई. तुला ओळख पटली तर सांग कोणाचं हाय."

मधली सुट्टी होती. बाई मागच्या खोलीत चहा घेत होत्या. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून, वाचल्याचं सोंग तरी करावं म्हणून, पुस्तक मधूनच उघडलं. तिथं एक रस्ता होता. रस्त्याला खडीचे ढीग. पदर हनुवटीपर्यंत ओढून एक बाई बसलेली, चांगल्या घरची. तिला वाटतं की आपल्याला कुणी ओळखत नाही, पण ती हातोडा डाव्या हातानं धरते म्हणून सगळा रस्ता तिला ओळखतो. तिचा मुलगा भाकरी घेऊन येतो. मुकादम विचारतो, ही कोण. आणि मुलगा म्हणतो, मावशी.

माझे कान तापले. मी मागं वळून बघितलं, कुणी बघितलं का. मग वाटलं, कुणी सांगितलं ह्या माणसाला? पहिलं पान शोधलं, तर पहिलं पान नाही. पुन्हा वाचलं. पुन्हा मावशीच होती. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, पोटातून हसू यायला लागलं. म्हणजे हे गाढवपण करणारा मी एकटाच नव्हतो. कुठंतरी दुसऱ्या एका रस्त्यावर, दुसऱ्या एका मायच्या तोंडावर, दुसरा एक बाल्या हेच बोलून बसला होता, आणि कुणीतरी ते लिहिण्यासारखं समजून लिहिलं होतं. मी उठलो. माझं टिंग झालं होतं! रुळावर नख मारलं. माझी नखं सगळी खाल्लेली, आवाजच निघेना. शेजारी दांडा लटकत होता. मी एक टोला दिला. तो मला पुरला नाही. मग मी देतच राहिलो.

आता लिहिताना सोपं वाटतं, पण खरंच सांगतो, खाली गाव आहे आणि गावाला तहान आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पहिल्यांदा घागरींचा खणखणाट ऐकू आला. मग धुरळा दिसला, पण तो रस्त्यावरून नव्हता, गावातून वर येत होता. विहिरीवर टँकर नाही म्हटल्यावर अख्खं गाव घागरी, हंडे, डबे घेऊन माळ चढत होतं. मी दांडा जागेवर अडकवला आणि खांबाला टेकून उभा राहिलो. खय्यूमभाई मागून पळत आला, ओठाला चहा तसाच. "मय नै बजाया," तो गर्दी यायच्या आधीच ओरडायला लागला, "कसम से, मेरे हाथ में बशी थी!"

तात्या पुढं होते, धापा टाकत. "टँकर कुठं हाय?"

त्यांनी रिकाम्या रस्त्याकडं बघितलं.

"कुणी वाजवली?"

बाई दारात आल्या होत्या. त्यांनी गर्दीकडं बघितलं, हलणाऱ्या दांड्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. माझ्या हातात पुस्तक उघडंच होतं, अंगठा पानात. बाईंचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. समोर सरपंच रागानं लाल, मागं सगळं गाव, नोकरी जायची वेळ, आणि बाईंच्या चेहऱ्यावर काय होतं तर आनंद. तो त्यांना लपवताच येईना. त्यांनी मला हळूच विचारलं, "कितवं पान?"

मी अंगठा पानात आणखी घट्ट दाबला.

बाई तात्यांकडं वळल्या. "मी वाजवली."

"कशापायी?"

"पुस्तक सापडलं."

तात्यांनी आजूबाजूला बघितलं, आपणच ऐकण्यात चुकलो का काय म्हणून. "बाई, इथं लोकांच्या घशाला कोरड हाय अन् तुमी पुस्तकासाठी घंटा वाजवूलालाव?" त्यांनी पुढं होऊन दांडा काढून स्वतःच्या हातात घेतला. "आजपासून मी सांगितल्याबिगर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. खय्यूम, तूबी न्हाई."

बायका दमल्या होत्या. एकजण घागर उपडी घालून तिच्यावरच बसली आणि म्हणाली, "आता माळ चढलोच हाव तर दाखवा तरी, कसलं पुस्तक हाय ते." दुसरी म्हणाली, "वाचून दाखवा. टँकर यायलाच हाय." बघता बघता मैदानात घागरी उपड्या पडल्या. आमची आळी पुढं, व्हरांड्याला लागून, कारण आमची आळी कुठंही पुढंच बसायची. वस्तीतल्या बायका मागं, फाटकापाशी. बाईंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. अंगठा होता तिथंच उघडलं.

माय तिसऱ्या ओळीत होती. मला वाटलं, आता जमीन फाटावी.

बाई वाचायच्या छान. मुकादमाचा आवाज वेगळा, बाईचा वेगळा. ती चांगल्या घरची बाई विळा घेऊन शेताकडं निघते तिथं आल्या आणि पुढच्या ओळीतून कुणीतरी फिस्कन हसलं. मग दुसरीकडून. बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. "अगं, विळा घेऊन!" "तुजं काय येगळं हाय?" "गप गं." तात्या गोंधळून इकडंतिकडं बघत होते. गावातल्या अर्ध्या बाया खडीवर जातात आणि प्रत्येकीला वाटतं की आपण एकटीच लपवतोय, हे त्या दुपारी सगळ्यांना एकदम कळलं. तात्यांनाही कळलं, सगळ्यांच्या मागून.

मग 'मावशी' आली. बाईंनी ते वाक्य वाचलं. हसावं का रडावं ते कुणाला कळेना. तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून मायनं पदर मागं सारला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ती मावशी मीच बरं का! अन् भाचा त्यो बगा, खांबाला चिकटलाय."

असा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही. दादासुद्धा हसत होते. "म्हंजे ह्याला भाचा म्हनूलाली ते ह्यापायी व्हय!" बाया ओरडल्या, "बाई, म्होरं वाचा, म्होरं वाचा," आणि बाई पुढं वाचत राहिल्या.

आणि टँकर आला. रोज घणघणाट व्हायचा, पण त्या दिवशी दांडा तात्यांच्या हातात होता आणि तात्या रस्त्याकडं पाठ करून, भावजयीकडं डोळे वटारून उभे होते. ड्रायव्हरनं विहिरीवर कुणी नाही म्हणून बघितलं असेल नसेल, नळी सोडून टँकर रिकामा केला. फाटकापाशी बसलेल्या वस्तीतल्या बायांना टँकरचा आवाज आला. त्यांनी पुढं बघितलं. पुढं सगळे हसत होते, हात वर करणारं कुणी नव्हतं. त्या उठल्या, घागरी घेतल्या आणि उतारावरून खाली गेल्या. आमच्या आळीला कळलं तोवर वस्तीतल्या प्रत्येक घरी स्वच्छ पाण्याची घागर पोचली होती. त्या संध्याकाळी आमच्या घरी गाळ आला. मायनं तो फडक्यानं गाळला, निवळायला ठेवला आणि म्हणाली, "ह्या बाया रोज कसं पेत असतील गं बाई."

तात्यांनी मात्र दोन आणि दोन जोडले. बाई वस्तीच्या समाजाच्या. बाईंनी खोटी घंटा वाजवली. गावाला माळावर बोलावून गोष्टीत गुंतवलं. आपल्या माणसांना आधी पाणी मिळवून दिलं. इतकं नीट जमून आलं होतं की ते खोटं असेल असं कुणालाच वाटेना. आठवड्यात तात्या तक्रार घेऊन लातूरला निघाले आणि साक्षीला मला घेतलं.

नव्या जिल्ह्याची कचेरी भाड्याच्या घरात होती. पाट्यांचा रंग ओला होता, तात्यांच्या धोतराला एका खात्याचं नाव लागलं. कारकून म्हणाला, "पाण्याची तक्रार असंल तर तिकडं, शाळेची असंल तर वर. घंटेची कुठं घ्यावी ते अजून ठरलेलं न्हाई." शेवटी एका साहेबानं ऐकून घेतलं. मला विचारलं, "घंटा कुणी वाजवली?"

मी म्हणालो, "बाईंनी." बाईच सगळ्यांसमोर तसं म्हणाल्या होत्या, म्हणून ते तोंडातून सहज गेलं. साहेब म्हणाले, "त्यांच्या लोकांना आधी पाणी मिळावं म्हणून?"

इथं मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पुस्तकामुळं, मावशीमुळं, माझ्यामुळं, असं काहीही म्हणता आलं असतं. शेजारी तात्या होते. माझी मान हलली नाही. साहेबांनी न हललेली मान होकार समजून लिहून घेतली. बाहेर आल्यावर तात्यांनी मला भजी घेऊन दिली. मी ती खाल्ली. चांगली होती, आणि हेच मला इतकी वर्षं खातं आहे.

बाईंची बदली निलंग्याकडं झाली. एस.टी.च्या टपावर खय्यूमभाईनं पेटी चढवली, ह्या वेळी एकदाही कण्हला नाही. छाया रडत होती. शिवानं मेंढरांचं आणखी एक पुस्तक शेऱ्यांसकट परत केलं. मी लांब उभा होतो. गाडी सुरू झाली तशी बाईंनी खिडकीतून मान काढली, "बालाजी! सांगितलंच न्हाईस रे. कितवं पान?" गाडी धुरळ्यात गेली.

पुढं मी शिकलो, एस.टी.त कंडक्टर झालो. आयुष्यभर घंटीच वाजवली, एक टोला थांब, दोन टोले चल. हसू नका, मलाही ते कळतं.

दोन महिन्यांपूर्वी शाळेचा वर्धापनदिन झाला. छाया पाहुणी म्हणून आली होती, मोठ्या पदावरून निवृत्त झालेली. कुणीतरी बाईंच्या घंटेची गोष्ट सांगितली, बाईंनी आपल्या लोकांसाठी कशी युक्ती केली ती, आणि वस्तीतल्या बायापोरांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मी धीर करून उठलो. माइक धरून म्हणालो, घंटा मी वाजवली होती, बाईंनी नाही. मग छाया तिथूनच म्हणाली, "बालाजीभाऊ, खाली बस. आमच्या बाईंनी आमच्यासाठी एक काम केलं, त्यातबी तुमच्या आळीला वाटा पाहिजे का?" सगळा मांडव हसला. मी खरं सांगायला गेलो आणि चोर होऊन बसलो.

म्हणून गेल्या महिन्यात नांदेडला गेलो. बाई भाचीकडं असतात. केस पांढरे झालेत, बोलणं तेच. मी सगळं सांगितलं, लातूरची मान, भजी, मांडव. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "छायाचं खरं राहू दे की."

"पण बाई, ते खरं न्हाई."

"सगळं न्हाई." बाई हसायला लागल्या. "मी व्हरांड्यात उभी होते. तोंड कुणीकडं होतं माझं? रस्त्याकडं. टँकरचा धुरळा मला दिसला होता रे. वाचणं थांबवून सांगता आलं असतं."

"मग?"

"मग काय. पान चांगलं होतं." त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं उठून कपाटातून पुस्तक आणलं, अजून बिनतोंडाचं, आता पाठही निघालेली. माझ्या मांडीवर ठेवलं. काही विचारलं नाही.

मला आकडा कधीच माहीत नव्हता. मी पुस्तक मधूनच उघडलं, दोनचार पानं पुढं गेलो आणि खडीचे ढीग लागले. त्या पानावर बोट ठेवून मी पुस्तक बाईंच्या पुढं धरलं. बाईंनी चष्मा लावला. सगळं पान वाचलं, मावशीपर्यंत. मग समोरच्या टेबलावरचा पाण्याचा स्टीलचा पेला ओढला आणि त्याच्या काठावर नखानं एकदा टिचकी मारली.

टिंग.